सोलून देऊ नकोस, पुढ्यात ठेव

सुरीला हात लावायच्या आधी माझं एवढं ऐक. रविवारी येणाऱ्या माणसांसाठी दोन किलो चेस्टनट सकाळीच सोलून, वाडग्यात भरून, वर झाकण घालून ठेवायचा जो बेत तू केला आहेस ना, तो सोडून दे. तुझे कष्ट वाचावेत म्हणून म्हणत नाहीये. तसे ठेवलेले चेस्टनट चांगले लागतच नाहीत. तो गरम असेपर्यंतच सोलला जातो आणि गरम असेपर्यंतच खाण्यात मजा. एकटीने ओट्याशी उभं राहून दोन किलो सोलायला घेतलेस, तर पहिले पंधरा झरझर सुटतील, सोळाव्याची साल चिकटायला लागेल, विसाव्याला तू नखं मोडून घेशील. आणि ते पहिले पंधरा एव्हाना गार होऊन चिवट पडलेले असतील.

मला तुझं कळतं गं. आपण वाढलो त्या घरात फळ म्हणजे सोललेलं फळ. डाळिंब दाण्यांच्या वाटीतून यायचं, पपई बिया काढून, संत्र्याच्या फोडीसुद्धा शिरा काढून. हे सगळं कोण करायचं ते तुला माहीत आहे. आईने निवांत बसून स्वतःसाठी एक डाळिंब सोललंय, असं तू कधी पाहिलंस का? तीच सवय आपल्या हातात उतरली आहे. कोणाच्या पुढ्यात न सोललेलं काही ठेवायचं म्हणजे आपल्याला उगाच चोरट्यासारखं होतं.

पण तू आता मिलानला राहतेस. इथल्या लोकांना चेस्टनट आख्खेच हवे असतात. ११ नोव्हेंबरला सान मार्तीनोचा दिवस येतो, त्या सुमाराला घरोघरी भाजलेले चेस्टनट आणि नवी वाइन असा बेत असतो. मध्ये जाड फडक्यात गुंडाळलेला ढीग, बाजूला टरफलांसाठी एक रिकामं भांडं. ज्याचा त्याने सोलायचा, बोटं भाजून घ्यायची, फुंकर घालायची आणि बोलत बसायचं. यजमानीणही त्यातच बसलेली असते. सोलून का दिले नाहीत, असं मनात आणणारं कोणी भेटणार नाही.

तेव्हा तुझं काम सोलण्याच्या आधीचं. ते नीट झालं तर सोलायला पाच वर्षांच्या पोरालाही बसवता येतं. ते काम बाजारातच सुरू होतं.

बाजारात दोन पाट्या दिसतील, ‘कास्तान्ये’ आणि ‘मारोनी’. मारोनी महाग असतात आणि आपल्याला पैसे वाचवायची खोड. या बाबतीत वाचवू नकोस. मारोनी आकाराने मोठे असतातच, पण खरा फरक आत आहे. चेस्टनटला दोन साली असतात: बाहेरचं चकचकीत तपकिरी टरफल आणि आत गराला लागून पातळ, लवदार, तुरट साल. साध्या कास्तान्यांत ही आतली साल गराच्या घड्यांमध्ये खोल शिरलेली असते, कधी कधी एका टरफलात गराचे दोन तुकडे आणि मध्ये सालीचा पडदा. मारोनीत गर सहसा एकसंध असतो आणि साल वरवर बसलेली असते, म्हणून ती सुटते. भाजून खायला मारोनी घे. सूप किंवा लगद्यासाठी उकडून गर चमच्याने कोरूनच काढायचा असेल, तर कास्तान्ये चालतील.

हातात घेऊन पाहा. वजनदार आणि घट्ट हवा. दाबल्यावर टरफल आत गेलं, तर गर वाळून आक्रसलेला आहे. चमक हवी, बारीक गोल भोक नको. भोक दिसलं की समज, आतली अळी जेवण आटोपून निघून गेली. शेजारच्या पिएमोंतेचा माल मिळाला तर उत्तम. कुनेओ भागातल्या चेस्टनटला युरोपीय संघाचं भौगोलिक मानांकनही आहे. अधूनमधून भाव चढलेले दिसले, तर त्यामागे एक गोष्ट आहे. २००२ मध्ये याच कुनेओजवळ एका आशियाई गांधीलमाशीचा उपद्रव युरोपात पहिल्यांदा आढळला. ती कळ्यांत अंडी घालते, तिथे गाठी येतात आणि झाडाला फळ फारच कमी धरतं. औषधं फवारून फारसा उपयोग नव्हता. मग तोरिनोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २००५ पासून तिची नैसर्गिक शत्रू असलेली दुसरी एक इवलीशी माशी जपानहून आणून सोडायला सुरुवात केली, तेव्हा कुठे बागा हळूहळू सावरल्या.

आता एक गोष्ट दटावून सांगते. मिलानच्या बागांमधून, रस्त्याकडेच्या झाडांखाली ऑक्टोबरात तपकिरी, गुळगुळीत, अगदी चेस्टनटसारखी फळं पडलेली असतात. ती उचलून खायची नाहीत. तो हॉर्स चेस्टनट, इथे त्याला ‘वेडा चेस्टनट’ म्हणतात. खिशात एक ठेवला की सर्दी होत नाही, असं इथल्या म्हाताऱ्या मानतात. खिशात खुशाल ठेव, पोटात नको; तो विषारी आहे, उलट्या-जुलाब होतात. ओळखायचा कसा? खायच्या चेस्टनटचं बोंड सुईसारख्या बारीक, दाट काट्यांनी भरलेलं असतं, आत बहुधा दोन-तीन फळं एकमेकांना चिकटून बसतात, म्हणून त्यांची एक बाजू चपटी होते, आणि टोकाला लहानशी शेंडी असते. वेड्याच्या बोंडाला जाड, विरळ काटे, आत बहुतेक वेळा एकच गोल गरगरीत फळ, शेंडी नाही. पानही वेगळं: खायच्या झाडाचं एकेकटं, लांबट, करवतीच्या धारेचं, वेड्याचं हाताच्या पंजासारखं पसरलेलं, पाच-सात पाकळ्यांचं. आणि डोंगरात गेलात तरी खायचा चेस्टनट दिसला म्हणून वेचायला वाकू नकोस. जंगल वाटतं ती बरेचदा कोणाची तरी बाग असते, वेचायला मनाई असल्याची पाटी झाडाला ठोकलेली असते.

घरी आणलेस की डब्यात भरून ठेवू नकोस. काजू-बदामाच्या रांगेत बसवला जात असला तरी ताज्या चेस्टनटचं जवळजवळ अर्धं वजन पाण्याचं असतं आणि स्निग्धांश शंभर ग्रॅमला दोन-तीन ग्रॅमच. म्हणजे जवळपास भाजीच. बाहेर ठेवला तर वाळतो, हवाबंद ठेवला तर बुरशी येते. कागदी किंवा कापडी पिशवीत, फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ठेव आणि आठ-दहा दिवसांत संपव. जास्त दिवस ठेवायचे तर चीर पाडून कच्चेच फ्रीझरमध्ये टाक. गोठलेला चेस्टनट थेट उकळत्या पाण्यात सोडला की साल बरी सुटते, हाही एक फायदा.

भाजायच्या आधी गार पाण्याच्या पातेल्यात सगळे ओत. तरंगतील ते बाजूला काढ, बहुतेक आतून किडलेले नाहीतर वाळलेले निघतात. बुडतील ते आपले. इथले शेतकरी पूर्वापार चेस्टनट काही दिवस, अगदी नऊ-नऊ दिवसही, पाण्यात बुडवून ठेवत आले आहेत. पाणी बदलत राहायचं आणि मग सावलीत पसरून वाळवायचे. त्याने आतल्या अळ्या मरतात, बुरशी लांब राहते आणि चेस्टनट हिवाळाभर टिकतो. तुला एवढं करायची गरज नाही. तासभर पाण्यात राहिले की टरफल ओलं, मऊ होतं, सुरी घसरत नाही.

आता चीर. ही चुकवायचीच नाही. टरफल बंद ठेवून चेस्टनट तापवलास तर आतल्या पाण्याची वाफ कोंडते आणि तो बारासारखा फुटतो, कधी ओव्हनमध्ये, कधी बाहेर काढल्यावर ताटात, लोक पुढे वाकलेले असताना. चपटी बाजू पाटावर टेक आणि फुगीर बाजूवर आडवी, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत चीर दे. पुष्कळजण फुली मारतात, तीही चालते, पण आडव्या लांब चिरेचं तोंड भाजल्यावर नीट उघडतं आणि दोन्ही अंगठे आत घालता येतात. खोली नेमकी हवी: टरफल आणि आतली साल दोन्ही कापली पाहिजेत, गर नको. आतली साल शाबूत राहिली तर टरफल तेवढं निघतं आणि साल गराला घट्ट धरून बसते. मग सगळी मेहनत फुकट. बाजारात चोचीसारख्या वाकड्या पात्याची खास सुरी मिळते. नसेल तर पाव कापायची दातेरी सुरी बारीक असली की पुरते, गुळगुळीत टरफलावर साधं पातं निसटतं. टीव्ही बघत करायचं हे काम नाही. ओल्या फडक्यावर चेस्टनट धर, बोटं पात्यामागे ठेव.

चिरा पाडल्यावर पुन्हा अर्धा तास कोमट पाण्यात टाक. हे पाणी चिरेतून आत शिरतं, ओव्हनमध्ये त्याची वाफ होते आणि तीच वाफ सालीला गरापासून आतून ढकलते. म्हणून कोरडे भाजलेले चेस्टनट सोलायला अवघड जातात. निथळून, चपटी बाजू खाली ठेवून, ट्रेमध्ये एकाच थरात मांड. २०० ते २२० अंशांवर पंचवीस-तीस मिनिटं, मध्ये एकदा हलवून घे. चिरेची तोंडं वळून उघडली, गर पिवळसर दिसायला लागला आणि टाचणी सहज गेली की झालं. गॅसवर करायचे तर भोकांची लोखंडी कढई मिळते. काल्दारोस्ते, म्हणजे भाजलेले चेस्टनट, विकणारे रस्त्यावर बसतात, त्यांच्याकडे असते तसली. तिच्यावर झाकण ठेव आणि सतत हलवत राहा. फ्लॅट लहान असेल तर एक्झॉस्ट लावायला विसरू नकोस, धुराचा अलार्म वाजून शेजारपाजार गोळा होईल.

ओव्हनमधून काढल्यावर घाई करायची नाही आणि उशीरही करायचा नाही. सगळे एकदम जाड पंचात ओत, गाठोडं बांध आणि दोन्ही हातांनी दाब. आत कुरकुर आवाज येतो, तो टरफलं मोडल्याचा. तसंच दहा मिनिटं ठेव. आतल्या आत वाफ मुरते, आतली साल ओली होऊन सैल पडते. मग गाठोडं टेबलावर मध्ये ठेव आणि एका वेळी मूठभरच उघड. बाकीचे गुंडाळलेलेच असू देत. चेस्टनट सोलण्याचं सगळं गुपित या ‘मूठभर’मध्ये आहे. साल गरम आणि ओली असेपर्यंत सुटते, गार झाली की परत चिकटते. एखादा हट्टी निघालाच, तर नखाने खरवडत बसू नकोस. परत गाठोड्यात टाक, नाहीतर चमचाभर पाण्यासोबत मायक्रोवेव्हमध्ये दहा-पंधरा सेकंद फिरव. टरफलाची टोकं नखाखाली घुसली की दोन दिवस ठणकतं, म्हणून पाहुण्यांनाही सांग, अंगठ्याच्या गादीने दाबा, नखाने नाही.

तुला आठळ्या आठवतात ना? चुलीत भाजलेल्या, गरम गरम, वरचं पांढरं पापुद्र्यासारखं साल चरचर निघायचं आणि पिठूळ गर हातात यायचा. चवीलाही हा त्याच घरातला. फरक एवढाच की आठळीची तपकिरी साल थोडी राहिली तर आपण तशीच खायचो. चेस्टनटची राहिली तर तुरटपणाने जीभ आवळते. ती पूर्ण काढायलाच हवी.

स्वयंपाकात वापरायचे असतील तर गोष्ट वेगळी. तिथे सोललेला गर आधी हवा आणि सोलायला पाहुणे नसतात. तेव्हा भाजायच्या फंदात पडू नकोस, उकड. चिरा पाडलेले चेस्टनट गार पाण्यात घालून उकळी आण, सात-आठ मिनिटं उकळू दे, गॅस बंद कर. झाऱ्याने तीन-चारच काढ, ते सोल, मग पुढचे तीन-चार. बाकीचे गरम पाण्यातच पडून राहतील. पाणी कोमट झालं की परत तापव. सोललेला गर मग दुधात किंवा पाण्यात तेजपान घालून मऊ होईपर्यंत शिजव. प्रेशर कुकर आहेच तुझ्याकडे, शिट्टी झाल्यावर बारीक गॅसवर आठ-दहा मिनिटं पुरतात. पण कुकरमधले चेस्टनट फुटतात. आख्खे हवे असतील तर कुकर नको, लगदाच करायचा असेल तर कुकरच बरा. शिजलेल्या लगद्यात साखर घालून, भोकांच्या गाळणीतून शेवयांसारखा पाडून, वर फेटलेली साय घातली की इथलं ‘मोंतेब्यांको’ तयार, म्हणजे पांढरा डोंगर. आणि जिरं-हिरवी मिरची-कढीपत्त्याच्या फोडणीवर परतून वर ओलं खोबरं घातलंस, तर आपल्या घरच्यांना ओळखीचं काहीतरी मिळेल. एकदा करून बघ.

एकेक सोलण्याचा हा खटाटोप इथल्या डोंगरातल्या बायकांनाही परवडणारा नव्हता, हेही ऐकून ठेव. तोस्कानाच्या गारफान्याना भागात गहू फारसा पिकत नसे, तिथे पिढ्यान् पिढ्या चेस्टनटच्या पिठावर जगल्या. त्या झाडाला लोक भाकरीचं झाड म्हणायचे. एवढं पीठ काढायचं तर लाखो फळं सोलायची कशी? त्यांनी सोललीच नाहीत. दगडी खोपटात वर फळ्यांच्या फटींचा मजला, त्यावर चेस्टनटचा थर, खाली मंद धुनी. सुमारे ४० दिवस ती विझू द्यायची नाही. गर आतल्या आत इतका वाळून आक्रसतो की दोन्ही साली सुट्या होतात, मग बडवायचं आणि पाखडायचं. ते पीठ आजही दुकानात मिळतं, गोडसर, किंचित धुरकट. पाणी, ऑलिव्ह तेल, मनुका, चिलगोजे आणि रोजमेरीची पानं घालून भाजलं की ‘कास्तान्याच्यो’ होतो. त्यात साखर घालायची नसते. या पिठात ग्लुटेन नाही, त्यामुळे पोळीसारखं लाटायला जाऊ नकोस, पातळ कालवून तव्यावर घावन घाल. उपवासाला चालतं का, हे मात्र मला विचारू नकोस. आईला फोन कर, ती देईल तो निर्णय आपण पाळू.

आणि अजून एक, अगदी तुझ्या-माझ्यातलं. सुपरमार्केटात शिजवून सोललेले, व्हॅक्यूम पाकिटातले चेस्टनट मिळतात. सूपला, भातात, भाजीत ते उत्तम. आठवड्याच्या मधल्या दिवशी ऑफिसातून आल्यावर तू ते पाकीट कापलंस तर कोणाकडे गुन्हा कबूल करायची गरज नाही. ज्या डोंगरातल्या बायकांनी अख्खी धुनी पेटवून सोलणं टाळलं, त्यांना तुझं पाकीट पटलं असतं. हाताने सोलण्यात पुण्य आहे, असं आपल्याला कोणी तरी लहानपणी शिकवलं. त्यातलं निम्मं काम दुसऱ्याच्या सोयीचं होतं, हे कळायला आपल्याला वयाची बरीच वर्षं लागतात. तू लवकर समजून घे, एवढंच.

तर रविवारचं ठरवू. माणशी दहा-बारा मारोनी धर, त्यावर मूठभर खराब निघतील म्हणून जास्त. सकाळी पाण्यात टाकून, तरंगणारे काढून, चिरा पाडून ठेव. चिरा पाडायला नवऱ्याला बसव, त्याची बोटंही तुझ्याएवढीच आहेत. माणसं येऊन कोट काढत असतील तेव्हा ट्रे ओव्हनमध्ये जाऊ दे. टेबलावर टरफलांसाठी दोन मोठी भांडी, ओले हातपुसणे, वाइन, आणि वाइन न घेणाऱ्यांसाठी गरम आल्याचा चहा. गाठोडं मध्ये ठेवलंस की तू बस. उठून कोणाला सोलून द्यायचं नाही. हात शिवशिवतील, मला माहीत आहे. त्यांना तुझ्याच ताटलीतला चेस्टनट सोलायला लाव.

कधी घरी एकटीच असशील, तेव्हा ‘एकटीसाठी कुठे भाजू’ म्हणून टाळू नकोस. सहा चेस्टनटना चिरा पाड, थोडा वेळ पाण्यात ठेव, एअर फ्रायरमध्ये २०० अंशांवर पंधरा मिनिटं फिरव, पंचात गुंडाळ. मग एक सोल, तो खा, आणि त्यानंतरच दुसरा सोलायला घे. ताटलीत साठवायचे नाहीत.